कुंपणावरची रेघ

१

कंपनीतून घरी आल्यावर जयसिंगला आधी चहा लागत नसे, आधी कुंपण लागत असे. चाकणहून सुटलेली बस त्याला चऱ्होलीच्या फाट्यावर सोडायची, तिथून पुढे मोटरसायकल. दारात गाडी लावली की डबा हँडललाच अडकवलेला, पायात कंपनीचे जड बूट तसेच, आणि स्वारी कुंपणाच्या कडेने निघायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको मिनल म्हणायची, "निघाले इन्स्पेक्टर!"

त्यात खोटं काही नव्हतं. जयसिंग क्वालिटीत होता. गाड्यांचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूला, यातच त्याची उमर चालली होती. अशा माणसाची नजर घरी आल्यावर गप्प बसत नाही.

कुंपण करवंदाचं होतं. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर मधोमध दोन खोल्या, पुढे लोखंडी फाटक आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंच काटेरी जाळी. आजूबाजूच्यांनी सिमेंटच्या भिंती घालून वर काचा रोवल्या होत्या, तरी त्यांच्याकडे भटकी कुत्री शिरायचीच. जयसिंगच्या कुंपणातून मांजरसुद्धा जात नव्हतं. दर पावसाळ्यानंतर तो शेंडे छाटायचा, त्यामुळे जाळी बाजूंना फुटून आणखी दाट व्हायची. शेजारच्या कुसुमताई हिरवी करवंदं लोणच्याला मागून न्यायच्या आणि म्हणायच्या, "जयसिंगभाऊ, आमच्या भिंतीला मेलं एक फळ लागत नाही बघा."

यंदा वैशाखात करवंदं काळी झाली आणि फेरी मारता मारता जयसिंग थबकला. जाळीच्या वरच्या भागात फळांचे घोस लटकत होते. खालच्या भागात पिकलेलं एकही नव्हतं. आणि हे वर-खाली एका रेघेत होतं. गवंडी भिंतीवर दोरी मारतो ना, तशी सरळ रेघ तिन्ही बाजूंनी फिरली होती, आणि तीसुद्धा आतल्या अंगाने. बाहेरच्या अंगाची फळं खालीवर सगळीकडे शाबूत होती.

पाखरं शेंड्यापासून खातात, एवढं त्याला कळत होतं. धाकटी मित्रा चार वर्षांची. तिने टाचा उंचावल्या तरी तिचा हात त्या रेघेच्या कितीतरी खाली राहिला असता. जयसिंगने बराच वेळ ती रेघ पाहिली आणि मग आत जाऊन चहा मागितला.

२

या कुंपणाची एक गोष्ट होती, आणि ती घरात कोणी काढत नसे.

मित्राच्या आधी साक्षी होती. ती चार वर्षांची असताना जयसिंगची आई, सोजरबाई, मावळातल्या गावाहून करवंदांची पाटी घेऊन कायमची राहायला आली. तेव्हा प्लॉटला कुंपण नव्हतं. बापलेकींनी उंबऱ्यावर बसून ती पाटी कोंबडा-कोंबडी खेळत संपवली. डोंगराकडच्या सगळ्या पोरांचा हा खेळ. करवंद दाताने फोडायच्या आधी समोरच्याने ओळखायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. साक्षीने त्यात आपला कायदा घातला होता. कोंबडा निघाला की सगळा तिचा. कोंबडी निघाली की उरलेलं अर्धं पप्पांचं. आणि पप्पांनी उत्तर दिल्याशिवाय फोडायचं नाही म्हणजे नाही.

ती थुंकायची त्या बिया सोजरबाई वाटीत गोळा करत होती. करवंदाचं बी वाळलं की रुजत नाही, ओलं असतानाच मातीत गेलं पाहिजे, हे तिला माहेरापासून ठाऊक. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून तिने त्याच दिवशी बिया टोचल्या. "पोरीच्या थुकीचं कुंपण करते बघ," असं म्हणून ती हसली होती.

पाटीच्या तळाला शेवटचं एक करवंद उरलं. साक्षीने ते मुठीत धरून विचारलं, "पप्पा, कोंबडा की कोंबडी?" आणि कंपनीची बस आल्याचा सोबत्याचा फोन वाजला. जयसिंगची दुसरी शिफ्ट होती. "आल्यावर सांगतो, बाळा," म्हणत तो बूट चढवून पळाला.

तो परत आला तेव्हा पोर तापाने फणफणली होती. आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. डॉक्टरांनी तापाचं नाव सांगितलं, ते त्याने ऐकून घेतलं. मुठीतलं करवंद कुठे गेलं ते कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर बिया रुजल्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, तरी पिशवी अन् पिशवी हिरवी झाली. फेकून द्यायचा धीर कोणाला झाला नाही, म्हणून पुढच्या पावसाळ्यात सोजरबाईने ती रोपं प्लॉटच्या कडेने दोन ओळींत लावली. त्याच सुमारास संघमित्रा, म्हणजे मित्रा, झाली. साक्षीचा फोटो मिनलने साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि ते कपाट फारसं उघडलं नाही. घरात करवंद पुन्हा कोणी त्या खेळासारखं खाल्लं नाही.

३

शाळेला सुट्टी लागली होती. कुसुमताई लोणच्याची करवंदं न्यायला आल्या, बरोबर नात होती, निशिगंधा. ही आणि साक्षी अंगणवाडीत एका पाटावर बसायच्या. निशिगंधा आता नऊ वर्षांची होती, लांब हातापायांची, दोन वेण्यांची. ती दिसली की जयसिंगला बरं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं.

कुसुमताईंनी जाळी बघितली आणि हसायला लागल्या. "अगंबाई, आतूनच साफ केलंय की! कुंपणच शेत खातंय म्हणायचं."

"खारी असतील," जयसिंग म्हणाला.

"काका, वरची काळी मी काढू?" निशिगंधाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टाचा उंचावून हात वर केला. तिची बोटं बरोबर रेघेपर्यंत पोचली. रेघेच्या वरचं करवंद तिच्या नखांना लागलं, हाताला आलं नाही. ती तिथून पुढे गेली, पुन्हा हात वर केला, पुन्हा तसंच. जयसिंगने आयुष्यभर गेज बसताना पाहिला होता. बसला की बोटांना कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

"काका, हात पुरतच नाही," ती म्हणाली.

त्याने तिला दोन मुठी काढून दिल्या. त्या गेल्यावर त्याला गेल्या दोन उन्हाळ्यांची आठवण झाली. तेव्हाही खालची फळं नसायची. रेघ तेव्हा खाली होती, आणि पहिल्या वर्षी तर त्याहून खाली. त्याने लक्ष दिलं नव्हतं इतकंच.

जयसिंगच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरचा देव्हारा नदीत सोडला होता. तेव्हापासून या घरात ना देवऋषी आला ना अंगारा. भीत्यापाठी ब्रह्मराक्षस, असं वडील म्हणायचे, आणि जयसिंगनेही जन्मभर तेच म्हटलं होतं. आताही मनातल्या मनात तेच म्हणत, जाळीकडे पाठ न करता तो घरात गेला.

४

घरामागे धुण्याचा दगड होता. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम तिकडे फेरी वळवली. दगडावर अर्धी अर्धी खाल्लेली करवंदं ठेवली होती, पडलेली नव्हे, ठेवलेली. सगळी आतून पांढरी. एकही लाल नाही.

त्याने एक उचलून डोळ्यांजवळ नेलं. दातांचा वळसा स्पष्ट होता. खारीचे दात असे नसतात. देठाकडून पांढरा चीक अजून ओघळत होता, म्हणजे नुकतंच तोडलेलं.

मिनल बादली घेऊन मागे आली आणि त्याला तसा उभा बघून थांबली.

"तू ठेवतेस का गं हे?" त्याने विचारलं.

"मी?" मिनल म्हणाली. "पहिल्या वर्षी मला वाटलं तुम्हीच ठेवताय. माझ्यासाठी. मग एकदा तुम्ही नाइटला होतात, तरी होती."

"पहिल्या वर्षापासून? आणि बोलली नाहीस?"

मिनलने बादली खाली ठेवली. "काय बोलू? तुम्ही म्हणणार, पाखरं असतील. अहो, पहिल्या वर्षी मधल्या दोन दातांची खूणच नव्हती. तिथे नुसती फट. ते वयच असतं दात पडायचं." ती दगडाजवळ उकिडवी बसली. "गेल्या वर्षी अर्धे आले होते. यंदा पूर्ण आलेत. जरा मोठे आहेत, तुमच्या वळणाचे."

तिने एक अर्धं करवंद उचललं आणि तोंडात टाकलं. ती रोज ती खात होती हे जयसिंगला तेव्हा कळलं. तीन उन्हाळे त्याच्या वाटणीच्या कोंबड्या मिनल खात होती आणि त्यावर जगत होती. त्याला भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण आधी बायकोची इतकी दया आली की त्याला तिच्याकडे बघवेना.

"तुमचं उत्तर द्यायचं राहिलंय," मिनल म्हणाली. "तेवढ्यासाठी येतीय ती. कधी विचारलं तिने तर देऊ नका. तुमच्या पाया पडते. एकदा दिलं की खेळ संपला."

५

इकडच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाते. पंखे बंद पडले की दुपारी एवढं शांत होतं की लोहगावच्या विमानाचा आवाज विमान गेल्यावरही कानात राहतो. जयसिंग खाटेवर पडला होता. सोजरबाई भिंतीला टेकून पेंगत होती. घरामागून मित्राचा आवाज आला.

"कोंबडी."

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, "कोंबडी."

पुन्हा तेवढाच वेळ गेला. "कोंबडा!" आणि मग खुदकन हसणं.

हा खेळ तिला कोणी शिकवला नव्हता. आणि ती फक्त उत्तरं देत होती. प्रश्न ऐकू येत नव्हते, प्रश्नांएवढी जागा मात्र मधे सुटत होती. जयसिंग अनवाणीच मागे धावला. धुण्याचा दगड रिकामा होता. मित्रा कुठे नव्हती.

"मित्रा!"

"ओ," असं म्हणून ती आली. घराच्या कोपऱ्यावरून नव्हे, फाटकाकडूनही नव्हे. जाळीतून आली. जिथून मांजर जात नाही त्या काट्यांतून, झोपून उठलेलं पोर चादरीतून निघतं तशी. तोंड जांभळं झालेलं. त्याने तिचे हात, पाय, गाल उलटसुलट करून पाहिले. एक ओरखडा नव्हता. फ्रॉकचा एक धागा निघाला नव्हता.

"आत किती जागा आहे माहितीये का पप्पा?" ती म्हणाली. "खूप खूप आहे. ताई म्हणते, पप्पा सांगत नाहीत ना, मग तूच ये माझ्याकडे."

जयसिंगने तिला उचललं आणि घट्ट धरलं. कपाटातला फोटो तिने कधी पाहिला नव्हता. आपल्याला ताई होती हे तिला या घरात कोणी सांगितलं नव्हतं. दारात सोजरबाई उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"तोडून टाक जयसिंगा," ती म्हणाली. "म्या लावलं, म्याच सांगते. हाय त्या लेकराला जप. गेलेलीचा जीव बी आपलाच हाय, पर त्याला आता आपुन काय करणार?"

"मिनल नाही तोडू देणार."

"मग तिला ठाव न्हाई असं तोड."

६

पुढच्या गुरुवारी मिनलला काळेवाडीला माहेरी जायचं होतं. मित्राला बरोबर ने, असं जयसिंगने दोनदा म्हटलं, पण पोरगी जेवून गाढ झोपली होती आणि उन्हाचं कशाला उठवायचं म्हणून मिनल एकटी गेली. आजी नातीजवळ आडवी झाली. जयसिंगने पुढचं दार लावलं, कोयता घेतला आणि दगडाजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

पहिल्याच घावाला चीक उडाला. करवंदाला चीक असतोच, तरी एवढा नसतो. मनगटावरून तो कोपरापर्यंत ओघळला. काटे दंडात शिरत होते. त्याने चार-सहा फांद्या ओढून काढल्या आणि आत बघितलं. बाहेरचा प्लॉट दिसायला हवा होता. दोन ओळींचं कुंपण, त्याची जाडी ती किती. आत पाला होता, पाल्यामागे पाला.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोंबडी."

तो मित्राचा होता. जयसिंगने वळून घराकडे पाहिलं. मागचं दार उघडं होतं. आई आतून घाबऱ्या आवाजात ओरडली, "जयसिंगा, पोर कुठं हाय रं?"

तो वेड्यासारखा कोयता चालवू लागला. "मित्रा! बाहेर ये! मित्रा!"

"कोंबडा," मित्रा म्हणाली. आवाज मघापेक्षा लांबून आला. मग आणखी लांबून, "कोंबडी." कुंपणापलीकडे हात टाकला की शेजारचा मोकळा प्लॉट लागतो, त्याच्यापुढे रस्ता, त्याच्यापुढे बांधकामाची इमारत. आवाज त्या सगळ्याच्या पलीकडून यावा तसा येत होता, आणि तरी जाळीच्या आतूनच येत होता. मग तोही बंद झाला.

जयसिंगच्या हातून कोयता गळाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात जोडायला कोणी नाही याचं दुःख झालं. तो नुसता म्हणाला, "साक्षी."

जाळी हलली. रेघेच्या उंचीवर, पाल्यातून एक हात बाहेर आला.

कोपरापर्यंतच आला. सावळा, बारीक, बोटांची टोकं चिकाने काळी झालेली. मूठ मिटलेली होती. जयसिंगला किंचाळायचं होतं, पण त्या हाताकडे बघताना त्याच्या मनात एकच गोष्ट आली. केवढी मोठी झाली होती ती. ज्या हाताला धरून त्याने चालायला शिकवलं तो त्याच्या एका बोटाएवढा होता. हा हात आता पाटीभर पुस्तकं उचलेल, वेणी घालेल, भाकरी थापेल. त्याला तो धरायचा होता. त्याने आपला हात पुढे केला आणि मूठ तेवढीच मागे सरकली, जशी ती तेव्हा मागे घ्यायची. आधी उत्तर.

मिनलचं बोलणं त्याला आठवलं. उत्तर दिलं नाही तर ही रोज येईल. मोठी होत राहील. आणि मित्रा त्या लांबच्या जागी राहील.

"कोंबडा," जयसिंग म्हणाला. "कोंबडाच आहे बाळा. सगळा तुझाच."

हात क्षणभर तसाच राहिला. मग हळूच आत गेला. पाल्यात एक लहानसा आवाज झाला, करवंद दाताखाली फुटल्याचा, आणि लगेच अगदी जवळून, हातभर अंतरावरून मित्रा भोकाड पसरून रडायला लागली. त्याने दोन्ही हात जाळीत खुपसले आणि तिला ओढून काढलं. तिचा फ्रॉक फाटला होता. गालावर, पोटऱ्यांवर ओरखडेच ओरखडे होते आणि त्यांतून रक्त येत होतं. सोजरबाई ते पुसत रडत होती. जयसिंग मात्र ते ओरखडे एकेक करून बघत होता आणि त्याला हायसं वाटत होतं. कापलेल्या जागेतून पलीकडचा मोकळा प्लॉट सरळ दिसत होता.

७

मिनलला त्याने सांगितलं की छाटणी करत होतो, मित्रा मधे शिरली. तिने मित्राला हळद लावली. दुसऱ्या दिवशी ती दगडाकडे जाऊन आली. तिसऱ्या दिवशी दोनदा गेली. दगड रिकामा होता. आठवडाभराने ती जेवताना घास हातात धरून बसायला लागली. मित्राला भरवायची ते दुसरीकडे बघत. एकदा तिने विचारलं, "मी काही चुकले का हो? खाल्ली म्हणून रागावली असेल का?"

जयसिंगने ताट तिच्याकडे सरकवलं. पण दुसऱ्या दिवशी, कंपनीतून आल्यावर, फेरी मारता मारता त्याने रेघेखाली उशिरा पिकलेलं एक करवंद तोडलं. दाताच्या कडेने, ओठ आत घेऊन, बारीक वळसा येईल असं ते फोडलं आणि अर्धं दगडावर ठेवलं. आत पांढरं होतं. दुसरं फोडलं, तेही पांढरं. त्या दिवसापासून त्या कुंपणावर आतून लाल असं एकही करवंद निघालं नाही. तेवढं एक बरं झालं, त्याला पांढरी निवडावी लागली नाहीत.

त्या रात्री मिनल जेवली.

आता दुसरा वैशाख आलाय. पाखरं शेंड्याकडून खाताहेत. खालची करवंदं जयसिंग काढतो, रोज थोडी, कोणी बघत नसताना, आणि त्याचे हात चिकाने काळे झालेत. कुसुमताईंकडे तो सहज गेला होता आणि निशिगंधाला म्हणाला होता, "हात वर कर बघू, किती वाढलीस?" घरी येऊन त्याने रेघ चार बोटं वर घेतली.

संध्याकाळी मिनल चहाचा कप घेऊन कुंपणाशी आली. मग तिने रेघेपाशी हात नेला आणि हसली.

"यंदा चांगलीच उंच झालीय, नाही?"

"हो," जयसिंगने काळे हात मागे घेतले. "तुझ्यावर गेलीय."